डासांच्या बॅटची बाकीची कामं

बॅटच्या जाळीत अडकलेला डास झटकून टाकण्याआधी एकदा पांढऱ्या कागदावर पाडून बघावा. ठाण्यात आणि नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक घरात चार्जिंगची बॅट असते, दारामागच्या खिळ्याला टांगलेली, नाहीतर फ्रिजवर ठेवलेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती हातात येते, तासभर फटफट आवाज होतात आणि मग ती परत जागेवर जाते. किती मेले याचा हिशेब होतो. कोण मेलं हे मात्र सहसा कुणी बघत नाही, आणि घरात डास कुठून येतात याचं उत्तर तिथेच असतं.

ओळखता येईल असा डास हवा असेल तर बटण दाबून धरायचं नाही. दाबून धरलं की ठिणगीमागून ठिणगी पडते आणि हातात कोळसा येतो. पहिली ‘फट’ ऐकू आली की बोट उचलायचं. बॅटचं चार्जिंग थोडं उतरलेलं असलं तर उलट बरं, डास अखंड मिळतो. मग जाळी डिस्चार्ज करून, म्हणजे तिच्यात उरलेली वीज काढून टाकून (कशी, ते पुढे येतंच आहे), कागदावर धरायची आणि चौकटीवर टिचकी मारायची. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर झूम करूनही काम होतं.

अंग काळं आणि पायांवर पांढरे पट्टे असतील तर तो एडिस, डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा. पाठीवर कंसासारख्या दोन वाकड्या पांढऱ्या रेषा असतील तर तो घरात राहणारा एडिस इजिप्ती. मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर तो बागेत, झाडीत राहणारा त्याचा भाऊबंद. एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा जिथे जन्मला तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे सकाळी दहा वाजता बॅटीत एडिस सापडला तर नाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. साचलेलं स्वच्छ पाणी आपल्याच घरात, नाहीतर आपल्याच इमारतीत आहे. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवर जो पाण्याचा ट्रे असतो तो आधी बघायचा, कारण तो वर्षानुवर्षं कुणी काढलेला नसतो. मग मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या थाळ्या, एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली, पावसाळ्यात खिडकीवर बांधलेल्या ताडपत्रीतली खोलगट घडी. अंड्यापासून डास होईपर्यंत आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. पण थाळी नुसती पालथी करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. थाळी काथ्याने घासून पुसायला हवी.

साधा तपकिरी, पाठीत बाक असलेला, भिंतीला अंग समांतर ठेवून बसणारा डास क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच. घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. गटार, सेप्टिक टँक, तुंबलेला नाला, तुटलेल्या झाकणाचं चेंबर. पाऊस संपून नाल्यांतलं पाणी वाहायचं थांबलं की याची संख्या चढते. हा एडिसपेक्षा बराच लांब उडतो, तेव्हा एका फ्लॅटने काही करून उपयोग नसतो. तक्रार सोसायटीमार्फत आणि चेंबरच्या जागेसकट करावी लागते.

तिसरा अ‍ॅनॉफेलीस, मलेरियाचा. जिवंत असताना तो शेपटीकडचा भाग वर करून तिरका बसतो, त्यावरून लगेच कळतो. मेल्यावर बघायचं तर पंखांवर गडद ठिपके दिसतात आणि मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना सोंडेइतक्याच लांब दोन काड्या असतात; बाकीच्या दोन्हींच्या माद्यांत त्या अगदी आखूड असतात. शहरातल्या मलेरियाचा मुख्य वाहक अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्सी. त्याला विहीर आणि गच्चीवरची पाण्याची टाकी आवडते. वरच्या मजल्यांवरच्या घरांत असे डास सापडले तर गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का, हे बघायचं. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि घोडबंदर रोडला किंवा खारघरला ते असतंच, तर लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी सोडलेलं पाणी या दोन जागा विचारून घ्यायच्या.

आणखी एक खूण आहे. डोक्यावर पिसासारख्या झुपकेदार मिशा असलेला डास नर असतो. तो चावत नाही, पण तो जन्मस्थानाच्या आसपासच घुटमळतो. एका बाथरूममध्ये लागोपाठ दोन-तीन दिवस नर सापडत असतील तर उगम तिथून काही पावलांवर आहे असं धरून चालावं. मात्र झुपकेदार मिशा असून सोंडच नसेल, तर तो डासच नव्हे. मासुंदा, उपवन यांसारख्या तलावांच्या काठी आणि नवी मुंबईत सिडकोने भरतीचं पाणी सामावून घेण्यासाठी बांधलेल्या धारण तलावांच्या आसपास असे हजारो किडे बाल्कनीच्या दिव्यावर जमतात. यांना कायरोनोमिड म्हणतात, बसताना ते पुढचे पाय उचलून धरतात आणि कुणाला चावत नाहीत. त्यांच्यावर बॅट चालवून हात दुखवून घेण्यापेक्षा अर्धा तास दिवा बंद ठेवावा, ते निघून जातात.

बॅटच्या पुढच्या सगळ्या कामांसाठी तिच्या पोटात काय आहे ते थोडं समजून घ्यायला हवं. मुठीत 4 व्होल्टची शिसे-आम्लाची छोटी सीलबंद बॅटरी असते, नव्या बॅटीत 3.7 व्होल्टची लिथियम. बटण दाबलं की एक ट्रान्झिस्टर आणि फेराइटच्या गाभ्याचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर मिळून या डीसीचं वेगाने फिरणारं एसी करतात. बारीक ‘चिर्र’ आवाज येतो तो याचाच. ट्रान्सफॉर्मरमधून काहीशे व्होल्ट बाहेर पडतात आणि डायोड आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) यांची साखळी त्याची दोन-तीन पट करते. जाळीवर शेवटी साधारण 1500 ते 2500 व्होल्ट येतात. जाळ्या तीन असतात. बाहेरच्या दोन एकाच टोकाला जोडलेल्या आणि मधली दुसऱ्या. म्हणून बाहेरच्या एका जाळीला चुकून बोट लागलं तर सहसा झटका बसत नाही. बोट आत गेलं की बसतो.

दोन हजार व्होल्टची ठिणगी हवेतून जेमतेम अर्धा मिलिमीटर उडी मारते. दोन जाळ्यांमधलं अंतर त्याच्या कितीतरी पट असतं. याचा अर्थ किड्याच्या अंगाने ते अंतर जवळजवळ पूर्ण भरून काढायला हवं, तेव्हाच ‘फट’ होते. लांब पायांचा डास हे सहज करतो. दोन मिलिमीटरचं चिलट कितीदा तरी मधून निसटून जातं. बॅट जोरात फिरवली तर पुढे ढकललेल्या हवेबरोबर ते बाजूलाच सरकतं. म्हणून लहान किड्यांसाठी बॅट हळू, पाण्यातून पळी फिरवावी तशी फिरवायची. भिंतीवर बसलेल्या डासावरही बॅट आपटायची नाही. बटण आधी दाबून, बॅट भिंतीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटरवर स्थिर धरायची. डास उडतो तो थेट जाळीत.

आता डिस्चार्ज. बटण सोडलं तरी शेवटच्या कपॅसिटरमध्ये वीज उरते. चांगल्या बॅटीत त्याच्या दोन टोकांना दहा-वीस मेगओहमचा रेझिस्टर लावलेला असतो, तो दोन-तीन सेकंदांत ती जिरवतो. स्वस्त बॅटीत तो वाचवलेला असतो आणि मग बंद ठेवलेल्या बॅटचाही झटका बसतो. प्लॅस्टिकच्या मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, मुठीलाच धरायचं आणि त्याचं टोक मधल्या व बाहेरच्या जाळीला एकाच वेळी टेकवायचं. एक बारीक ठिणगी पडते. दुसऱ्यांदा टेकवून ती पडत नाही ना, हे बघितल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही.

मे महिन्यात आंब्याची पेटी उघडली की दोन दिवसांत चिलटं येतात. इथे बॅटचा उपयोग सापळ्यासारखा करता येतो. एका खोल वाडग्यात पिकलेल्या केळ्याचं साल आणि चमचाभर व्हिनेगर घालायचं आणि बॅट वाडग्यावर आडवी ठेवायची. चिलटं वासाने जाळीतून खाली उतरतात आणि परत वर येतात. पाच-सात मिनिटांनी एकदा, वाडगा हलकासा हलवून, बटण दोन सेकंद दाबायचं. बटणाला चिकटपट्टी लावून बॅट चालू ठेवायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नये. ट्रान्झिस्टर तापून जातो, बॅटरी पार उतरते आणि पोरांचा हात कधी पोचेल सांगता येत नाही. उघड्या अन्नावर, कापलेल्या फळांवर बॅट कधीच फिरवायची नाही. ठिणगीने किडा फुटतो आणि त्याचे कण खाली पडतात.

स्वयंपाकघरात संध्याकाळी एखादी करड्या-तपकिरी रंगाची छोटी पाकोळी वेडीवाकडी उडताना दिसते. तिला बॅटने मारणं सोपं आहे, पण ती एक निरोप आहे असं समजावं. रवा, शेंगदाणे, सुकामेवा, पक्ष्यांचा दाणा, यांतल्या कुठल्यातरी डब्यात तिची अळी आहे. डब्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला कोळ्यासारखी जाळी दिसली की तोच डबा. तो धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय पाकोळ्या थांबत नाहीत.

बाथरूमच्या टाइल्सवर बसणारी, हृदयाच्या आकाराचे केसाळ पंख असलेली करडी माशी बॅटीत सहज मरते आणि दुसऱ्या दिवशी तितकीच परत येते. तिची अळी गटाराच्या जाळीखाली, पाइपाच्या आतल्या भिंतीवर जमलेल्या बुळबुळीत थरात असते. घरात तीन जाळ्या असतील तर नेमकी कुठली, हे शोधायला रात्री प्रत्येक जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी उलटी, म्हणजे चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावायची. सकाळी जिच्यावर माश्या चिकटल्या ती जाळी काढून पाइप लांब दांड्याच्या ब्रशने घासायचा. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचे सांधे सैल होतात. घासल्यावर उरलेल्या माश्या आठवडाभर बॅटने टिपायच्या. तेव्हा बॅट खरंच काम संपवते, कारण मागून नव्या येत नाहीत.

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीनंतर पंखवाल्या वाळवीचे थवे दिव्याभोवती येतात. येऊरच्या पायथ्याच्या आणि झाडी असलेल्या सेक्टरांतल्या घरांना हे चांगलं माहीत आहे. इथे बॅटपेक्षा घरातले सगळे दिवे मालवून खिडकीबाहेर एकच ठेवणं जास्त उपयोगाचं. आत शिरलेल्यांपुरती बॅट. मात्र दुसऱ्या दिवशी केर काढताना बघावं, गळलेले पंख खिडकीखाली पसरलेले आहेत की दाराच्या चौकटीशी, फर्निचरच्या बुडाशी ढीग होऊन पडलेत. ढीग असेल, तर तो थवा बहुधा बाहेरून आलेला नाही, वाळवी घरातच लागली आहे. त्याला बॅट पुरायची नाही, वाळवीची ट्रीटमेंट करणारा माणूसच बोलवावा लागेल.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर, टोमॅटोवर, वांग्यावर पांढरी माशी पडते तिथे बॅट फार चांगली चालते, आणि याचं मला विशेष वाटतं, कारण खाण्याच्या भाजीवर फवारा मारणं टळतं. पहाटे, ऊन येण्याआधी माश्या सुस्त असतात. एका हाताने कुंडीतलं झाड हलवायचं आणि दुसऱ्या हाताने बॅट झाडाच्या वीतभर वर हळू फिरवायची. पानं जाळीला लागू द्यायची नाहीत. ओलं पान विजेचा रस्ता बनतं, व्होल्टेज कोसळतं आणि पान करपतं, त्यामुळे पाणी घालण्याआधी हे उरकायचं. पानाखाली चिकटलेली पिल्लं आणि अंडी याने मरत नाहीत. ती वाढून उडायला लागेपर्यंत तीनेक आठवडे जातात, तेवढे दिवस दर तीन-चार दिवसांनी हे करत राहायचं. जोडीला पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली तर निम्मं काम वाचतं. मावा सहसा उडत नसल्यामुळे त्याच्यावर बॅट निरुपयोगी, त्याला पाण्याची पिचकारी. फुलावर मधमाशी असेल तर तिचं होईस्तोवर थांबायचं.

ढेकणांवर बॅट चालत नाही. ते शिवणीत लपतात, जाळीत शिरत नाहीत. पालीवर तर ती चालवूच नये, ती आपल्याच बाजूने डास खात असते.

बॅटने गॅसची शेगडी पेटते का? पेटते, आणि हीच भीतीची गोष्ट आहे. 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2000 व्होल्टला भरला की त्यात साधारण 44 मिलिज्यूल ऊर्जा असते. एलपीजी आणि हवेच्या मिश्रणाला पेट घ्यायला पाव मिलिज्यूलच्या आसपास पुरते. म्हणजे बॅटची एक ठिणगी लागते त्याच्या दीडशे पटीहून मोठी. शेगडीसाठी लायटर आहे. बॅटचं प्लॅस्टिकचं डोकं ज्योतीजवळ नेण्यात शहाणपण नाही. आणि याच हिशेबाने ओट्याखाली, सिलिंडरच्या कोपऱ्यात डास शोधताना आधी वास घ्यावा. एलपीजी हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. किंचितही वास आला तर बटण दाबायचं नाही, दिव्याचं बटणही नाही. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या.

याहून जास्त वेळा होणारी चूक म्हणजे आधी डब्यातला कीटकनाशक स्प्रे मारायचा आणि उरलेल्या डासांवर लगेच बॅट फिरवायची. त्या डब्यात रेटा द्यायला ज्वालाग्राही वायू असतो, आणि बऱ्याच स्प्रेंत औषधही रॉकेलसारख्या तेलात असतं. बंद खोलीत, पडद्यामागे हा ढग काही मिनिटं राहतो. सॅनिटायझर, परफ्यूम, नेलपॉलिश काढायचं द्रव्य, सगळ्यांना हाच नियम. स्प्रे मारला असेल तर पंखा लावून, खिडकी उघडून अर्धा तास जाऊ द्यावा. पेसमेकर असलेल्यांनी बॅट हाताळू नये.

आता चार्जिंग, कारण निम्म्या बॅटी डासांआधी चार्जिंगने मरतात. मुठीतून दोन पिना बाहेर सरकतात आणि बॅट थेट सॉकेटमध्ये बसते, अशा बॅटीत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर आणि चार डायोड, एवढंच. 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या 230 व्होल्टवर सुमारे 34 मिलिअँपिअर सोडतो. 400 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रिकामी असेल तर तिला बारा-चौदा तास हवेत. तासभर लावून ‘चार्ज होत नाही’ म्हणण्यात बॅटचा दोष नाही. उलट भरल्यावर आपोआप बंद करणारं त्यात काही नसतं, त्यामुळे दोन दिवस लावून ठेवली की बॅटरी फुगते. रात्री झोपताना लावावी, सकाळी उठल्यावर काढावी. सॉकेटमध्ये असताना आतलं सगळं सर्किट घरातल्या विजेशी थेट जोडलेलं असतं, जाळीसकट. त्या वेळी बटण दाबणं किंवा बॅटला ओला हात लावणं जिवावर बेतू शकतं. काढल्यावरही त्या दोन पिनांना लगेच बोट लावू नये. पाच व्होल्टच्या केबलने चार्ज होणारी लिथियमची बॅट थोडी महाग पडते, पण घरात लहान मूल असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा उठत नाही. वापर नसला तरी महिन्यातून एकदा रात्रभर चार्ज करावी. दिवा लागतो पण ठिणगी नाही, अशी तक्रार असेल तर आधी जाळी बघा. दोन जाळ्यांमध्ये अडकलेले पाय-पंख वीज गळू देतात, पावसाळ्यातल्या दमट हवेत तर फारच. डिस्चार्ज करून कोरड्या टूथब्रशने झाडायचं, पाण्याने कधीच नाही. सतत ‘चिटचिट’ होत असेल तर कुठेतरी जाळी दबून मधल्या जाळीला भिडायला आली आहे, ती लाकडी काडीने हलकेच बाहेर ओढायची. जाळी ठीक असूनही ठिणगी नसेल तर मुठीतून जाळीकडे जाणाऱ्या दोन बारीक वायरींपैकी एक सोल्डरपासून सुटलेली असते. बॅट पडली की पहिली तीच सुटते.

जाळी फाटली पण सर्किट चांगलं आहे, अशी बॅट भंगारात देऊ नका. दिवाळीच्या किल्ल्याला ती उपयोगी पडते. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत सोसायट्यांच्या आवारात पोरं किल्ले बांधतात आणि हिरवळीसाठी अळीव पेरतात. अळीव सुंदरच दिसतो, पण उगवायला चार-पाच दिवस लागतात आणि किल्ल्याच्या मापाला तो जंगलासारखा उंच होतो. मॉडेल बनवणारे लोक नायलॉनच्या बारीक तंतूंचं गवत उच्च व्होल्टेजने उभं करतात, आणि त्यासाठी लागणारा वीजस्रोत या मोडक्या बॅटमध्ये तयार आहे.

हे काम मोठ्या माणसाने करायचं. बॅटरी सुटी करून आणि डिस्चार्ज करून जाळ्या कापून काढायच्या. मुठीतून येणाऱ्या दोन वायरी जपायच्या, रेझिस्टर असेल तर तोही जागेवर ठेवायचा. एक वायर चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडायची. स्टीलला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून छोट्या नट-बोल्टने घट्ट आवळायची. गाळणीची भोकं दीड-दोन मिलिमीटरची हवीत, फार बारीक गाळणीतून तंतू पडत नाहीत. गाळणीचा दांडा बॅटच्या रिकाम्या चौकटीत ग्लू-गनने बसवायचा. दुसऱ्या वायरीला जाड इन्सुलेशनची मीटरभर वायर जोडून टोकाला मगरचिमटा (दातेरी तोंडाचा स्प्रिंगचा चिमटा) लावायचा, आणि सगळे उघडे सांधे श्रिंक ट्यूबने (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने) झाकायचे. चिमटा, ट्यूब, बॅटमधला कपॅसिटर गेला असेल तर तोही, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतो.

तंतू दोन मिलिमीटरचे घ्यावेत. बॅटच्या दोन हजार व्होल्टला चार मिलिमीटरचे जड जातात, बाजारातली खास यंत्रं दहा-पंधरा हजारांवर चालतात. रंग मात्र नुसता हिरवा घेऊ नका. दिवाळीच्या सुमाराला सह्याद्रीतलं गवत पिवळं पडू लागतं. निम्मं वाळक्या पेंढ्याच्या रंगाचं, बाकी हिरवं आणि चिमूटभर तपकिरी असं मिसळलं की डोंगर खरा वाटतो.

तीन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, त्यात मातीच्या रंगाचा थोडा पोस्टर कलर, म्हणजे पांढरं चमकत नाही. एका वेळी तळहाताएवढ्याच जागेवर लावायचं, कारण पाच-सात मिनिटांत त्यावर साय धरते आणि मग तंतू आत रुतत नाहीत. मातीचा किल्ला इथे थर्मोकोलपेक्षा सरस ठरतो. आत दमट माती असते, ती वीज वाहते, म्हणून पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा खिळा जवळच मातीत खोचून त्याला चिमटा लावला की झालं. थर्मोकोल वीज वाहत नाही, तिथे खिळ्याचं डोकं ओल्या फेविकॉलमध्येच बुडलेलं हवं आणि प्रत्येक नव्या ठिगळाला ते हलवावं लागतं. गाळणीत दोन चमचे तंतू घ्यायचे, दीड-दोन सेंटिमीटरवर धरायची, बटण दाबायचं आणि बोटाने मुठीवर टकटक करायचं.

डोळे जवळ नेऊन बघण्यासारखं आहे. तंतू गाळणीतून सुटताना आडवेतिडवे असतात आणि खाली येता येता प्रत्येक जण टोकावर उभा होतो. विजेच्या रेषा जशा गेल्या तसे ते पडतात. उतारावर उताराला काटकोनात, बुरुजाच्या पायथ्याशी किंचित बाहेर झुकलेले. दहा सेकंदांत ओली तपकिरी जागा अंगावर काटा यावा तशी दिसायला लागते. तंतू झोपले तर कारण बहुतेक वेळा तीनांपैकी एक असतं: खिळ्याचा ओल्या भागाशी संपर्क तुटलेला, फेविकॉलवर साय आलेली, किंवा तंतू दमटपणाने गोळा झालेले. दमट तंतू सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवले की सुटे होतात. गाळणी खिळ्याला टेकू द्यायची नाही, आणि बटण दाबलेलं असताना दुसरा हात किल्ल्यावर ठेवायचा नाही.

रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी कोरड्या ब्रशने न चिकटलेले तंतू झाडून कागदावर गोळा करायचे, ते पुन्हा वापरता येतात. मावळे मांडायच्या आधी चिमटा गाळणीच्या कडेला टेकवून उरलेली वीज काढून टाकायची आणि बॅटरी सुटी करून बॅट वरच्या कपाटात ठेवायची.